घोडबंदरचा रस्ता : पाहण्यासारखे आणि घेण्यासारखे



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांस विषय विचारला, तेव्हा आम्ही 'घोडबंदरचा रस्ता' असे उत्तर दिले. चालक क्षणभर थांबले व म्हणाले, "म्हणजे खड्ड्यांविषयी बोलणार काय?" खड्ड्यांविषयी बोलावयास आम्हांस संकोच नाही, परंतु त्या विषयात वक्त्यापेक्षा श्रोत्यांचाच अधिकार मोठा आहे. आज आम्ही बोलणार आहोत ते या रस्त्याच्या दोन्ही अंगांना पाहण्यासारखे आणि घेण्यासारखे जे आहे त्याविषयी.

हा विषय आम्हांस सुचला त्यास एक लहानसा प्रसंग कारण झाला. आमचा एक भाचा नोकरीनिमित्त दक्षिण कोरियातील बुसान शहरी काही महिने राहून परत आला. बुसान हे त्या देशातील दुसऱ्या क्रमांकाचे शहर, मोठे बंदर. दर रविवारी तो तेथे पायी भटके आणि मिळेल ते पाहून येई. आमच्या घरी बसून तासभर त्याने तेथील डोंगर, मंदिरे, मासळीबाजार यांचे वर्णन केले आणि सहज विचारले, "मामा, तुमच्या भागात काय आहे पाहण्यासारखे?" या रस्त्यालगत वीस वर्षे राहिलेल्या आमच्या तोंडून शब्द निघाले, "चांगले मॉल आहेत की!" भाचा हसून म्हणाला, "मॉल तर बुसानलाही आहेत."

त्या रात्री आम्हांस नीट झोप आली नाही. आपल्या दारावरून जाणारा रस्ता आपण फक्त ओलांडला किंवा शिव्या देत कापला, पाहिला मात्र कधीच नाही, हे उतारवयात ध्यानी येणे फारसे सुखाचे नसते. तेव्हापासून आम्ही भाच्याचाच पाठ गिरवू लागलो.

प्रथम रस्ताच पाहा. ठाण्याहून निघालात की डाव्या हातास येऊरचे डोंगर आणि उजव्या हातास, इमारतींच्या पलीकडे, वसईची खाडी. सुमारे वीस किलोमीटरांचा हा रस्ता डोंगर आणि पाणी यांच्या मधल्या पट्ट्यातून जातो, आणि गायमुखापाशी तर दोघेही इतके जवळ येतात की मध्ये जेमतेम रस्त्यापुरतीच जागा उरते. आता वाटेतील नावे ऐका : कापूरबावडी, मानपाडा, पातलीपाडा, वाघबीळ, कासारवडवली, ओवळे. यांत बावडी आहे, पाडे आहेत, वाघाचे बीळदेखील आहे. आपल्या गृहसंकुलांना आपण परदेशी नावे दिली, तरी बसचा वाहक अजून याच नावांनी हाक मारतो, ही त्याची मेहेरबानी.

रस्त्याच्या शेवटास खाडीकाठी घोडबंदरचा किल्ला आहे. अरबी व्यापारी या बंदरात घोडे उतरवीत, म्हणून हे नाव, असे सांगतात. किल्ला पोर्तुगीजांनी बांधला. १७३७ साली चिमाजी अप्पांच्या मोहिमेत मराठ्यांनी तो घेतला. खुद्द वसई हाती यावयास १७३९ चा मे महिना उजाडावा लागला. मधल्या दोन वर्षांत हा सारा खाडीकाठ रणभूमी झाला होता. पुढे येथे इंग्रजांचा अंमल बसला. ठाण्याचा किल्लाही १७३७ सालीच मराठ्यांकडे आला. पण आज त्यात मध्यवर्ती कारागृह असल्यामुळे तो आतून पाहण्याची घाई कोणी करू नये! घोडबंदरला मात्र खुशाल जावे. बुरुजाशी उभे राहिले आणि खाली खाडीचे पाणी पाहिले की ही जागा ज्याच्या हाती, त्याच्या हाती जलमार्ग, हे शाळेतल्या पुस्तकाहून लवकर कळते. आमच्या संकुलात आम्ही विचारून पाहिले. या किल्ल्याजवळून रोज मोटारीने कामास जाणारे सात जण निघाले. किल्ला पाहिलेला एकही नव्हता.

ओवळ्याला ओवळेकर वाडी आहे. तेथे एका शेतकरी कुटुंबातील शिक्षकाने आपल्या जमिनीत फुलपाखरांसाठी झाडे लावली. फुलपाखरांस पिंजऱ्यात कोंडलेले नाही. त्यांना लागणारी झाडे लावली आणि ती आपण होऊन आली. फुलांतील मध प्रौढ फुलपाखरास पुरतो, परंतु अळीला ठरावीक झाडाचाच पाला लागतो. 'ब्ल्यू मॉरमॉन' हे २०१५ साली महाराष्ट्राचे राज्य फुलपाखरू ठरले; त्याची अळी लिंबाच्या कुळातील पानांवर वाढते. हे कळल्यावर आमच्या सज्जातील लिंबाच्या रोपावरची अळी चिमट्याने काढून टाकण्याचे आम्ही सोडून दिले.

आणि हे डोंगर! येऊर हा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे. शंभर चौरस किलोमीटरांहून थोडे अधिक एवढे हे रान, आणि त्यात बिबटे आहेत. २०१९ च्या फेब्रुवारीत एक बिबट्या ठाण्यातील एका मॉलच्या आवारात शिरला होता. पुढे त्याला बेशुद्ध करून रानात परत न्यावे लागले. आपण म्हणतो, बिबट्या आपल्या वस्तीत आला. बिबट्यास बोलता आले असते तर त्याने हेच वाक्य उलटून आपणांस ऐकविले असते.

आता दुकानांविषयी. येथे आम्हांस आमची एक फजिती सांगितली पाहिजे. जूनच्या पहिल्या सरी पडल्या की पाड्यांवरच्या बायका रानभाज्या घेऊन रस्त्याच्या कडेला बसतात. त्यांत शेवळे असतात. ठाण्याच्या जुन्या घरांतून या भाजीचे केवढे कौतुक! आम्ही एका बाईंशी घासाघीस करून दोन जुड्या घेतल्या. त्या बरोबर मूठभर हिरवी फळे देऊ लागल्या व त्यांचे वेगळे पैसे मागू लागल्या. हा भाव वाढविण्याचा डाव आहे असे समजून आम्ही ती नाकारली आणि विजयी मुद्रेने घरी आलो. त्या रात्री घरातील पाचही माणसांचे घसे असे खवखवले की कोणास बोलवेना. ती फळे म्हणजे काकडे. शेवळांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, ते घशास टोचतात. म्हणूनच काकडांच्या आंबट रसाशिवाय ही भाजी करीत नाहीत. पुढच्या आठवड्यात आम्ही त्या बाईंना शोधून काढले. त्या म्हणाल्या, "मी सांगत होते, दादा. तुम्ही ऐकलंच नाही."

श्रोतेहो, हे वाक्य आम्हांस फार लागले. दहा रुपयांसाठी वाद घातलेले आम्ही, त्याच संध्याकाळी मॉलमध्ये अडीचशे रुपयांची कॉफी निमूटपणे प्यालो होतो. तेथे भावाची पाटी होती म्हणून आम्ही गप्प. इथे माणूस होते, रानातील ज्ञान भाजीबरोबर देत होते, आणि त्याच्यावर मात्र आमचा संशय!

भाच्याने सांगितलेला बुसानचा जागाल्ची मासळीबाजार येथे आठवतो. कोरियातील युद्धानंतर तो बाजार मुख्यतः बायकांनी चालविला. आजही त्या मासे विकणाऱ्या बायका ही त्या शहराची ओळख आहे. खाली मासा निवडावा, वरच्या मजल्यावर तो शिजवून घेऊन खावा. पाहणे आणि घेणे ही तेथे दोन कामे नाहीत. आपल्या खाडीकाठच्या गावांतही आगरी-कोळी बायकांच्या पाट्या आहेतच. त्या आपल्या शहराची शोभा आहेत, हे आपणच अजून ठरविलेले नाही.

परंतु एक सावधगिरीही बुसानकडूनच घ्यावी. तेथे गामचॉन नावाची डोंगरउतारावरची वस्ती आहे. १९५० नंतरच्या युद्धकाळात निर्वासितांनी वसविलेली. २००९ पासून कलावंतांनी व रहिवाशांनी मिळून रंगविली, आणि जगभरचे लोक येऊ लागले. मग घराच्या खिडकीतून आत डोकावणारे पाहुणे तेथील म्हाताऱ्यांना नकोसे झाले. आपल्या येऊरलाही सुटीच्या रात्री ध्वनिक्षेपक लावून 'निसर्गाचा आनंद' घेणारे पाहुणे जातात. तेथील पाड्यांत लहान मुले झोपलेली असतात आणि रानातही कोणीतरी जागे असते. असे जाण्यापेक्षा घरी बसलेले बरे.

हे सारे आज सांगण्याचे कारण असे. या रस्त्याच्या मध्यावर मेट्रोचे खांब उभे राहिले आहेत. डोंगराखालून बोरिवलीला जाणाऱ्या जोडबोगद्याचे काम हाती घेतले गेले आहे. वाहतुकीच्या कोंडीत दोन तास बसणाऱ्या माणसास सोय नको असे म्हणण्याचा अधिकार आम्हांस नाही. आम्हीही त्याच कोंडीत बसतो. पण सोयीपायी कोणते झाड, कोणता पाडा, खाडीचा कोणता काठ जावयाचा, हे ठरताना ज्याने ते पाहिलेच नाही, तो नागरिक काय बोलणार? तो म्हणेल, "तिथे काही नव्हतेच."

म्हणून आमची विनंती साधी आहे. या उन्हाळ्यात एका रविवारी मुलांना घेऊन घोडबंदरच्या किल्ल्यावर जा. एका सकाळी ओवळ्याला जा. करवंदे मिळतील, ती पानाच्या द्रोणातून घ्या व भाव करू नका. आणि पावसाच्या आरंभी शेवळे घ्याल तेव्हा काकडे अवश्य मागून घ्या. बाई काय सांगतात ते पुरते ऐका. पुढे केव्हा तरी तुमच्याकडे पाहुणा येईल आणि विचारील, "येथे काय आहे?" आमच्यासारखी फजिती आपली होऊ नये.