पाण्याच्या प्रश्नातून घडलेले नेतृत्व



लोकप्रतिनिधीचे मोठेपण त्याने भूषविलेल्या पदांवरून मोजण्याची आपल्याकडे प्रथा आहे. श्रीमती मृणाल गोरे नगरसेविका, आमदार व खासदार झाल्या. परंतु लोकांनी त्यांना बहाल केलेली पदवी ‘पाणीवाली बाई’ हीच होय. त्या पदवीमागील कार्य आज आपणापुढे ठेवावयाचे आहे.

२४ जून १९२८ रोजी जन्मलेल्या मृणालताईंनी सार्वजनिक कार्यासाठी वैद्यकीय शिक्षण सोडले. समाजवादी कार्यकर्ते केशव गोरे हे त्यांचे पती. १९५८ मध्ये त्यांचे निधन झाले. पदरी लहान मुलगी असतानाही ताईंनी गोरेगावातील अंगीकृत कार्य सोडले नाही.

दहिसर व मुलुंडपर्यंतची उपनगरे १९५७ मध्ये मुंबई महानगरपालिकेत समाविष्ट झाली. हद्द वाढली, नळ मात्र त्या वेगाने वाढले नाहीत. १९६१ मध्ये ताई महापालिकेवर निवडून आल्या आणि झोपडवस्त्यांतील स्त्रियांचा हंडा त्यांनी सभागृहाच्या चर्चेत आणला. वस्ती अनधिकृत, म्हणून पाणी नाही, हे उत्तर त्यांनी मान्य केले नाही. जमिनीचा वाद वर्षानुवर्षे चालू शकतो. तहान तितकी थांबत नाही, हाच त्या लढ्याचा आशय होता.

१९७२ मध्ये त्या विधानसभेत गेल्या. त्याच वर्षी अहिल्याताई रांगणेकर, प्रमिलाताई दंडवते प्रभृतींसह महागाईविरोधी महिला आघाडी उभी राहिली आणि स्वयंपाकघरातील लाटणे मोर्चाचे निशाण झाले. आणीबाणीत त्यांनी प्रथम भूमिगत राहून कार्य केले, नंतर कारावास सोसला. १९७७ मध्ये उत्तर मुंबईतून त्या लोकसभेवर निवडून आल्या. १९८५ नंतर पुन्हा विधानसभेत असताना त्यांनी गर्भलिंगनिदानाविरुद्ध कायद्याचा आग्रह धरला. तसा कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये, देशात सर्वप्रथम केला. दिंडोशी येथील नागरी निवारा वसाहत ही त्यांच्या व सहकाऱ्यांच्या चिकाटीची साक्ष आहे.

१७ जुलै २०१२ रोजी त्यांचे निधन झाले. त्यानंतर, डिसेंबर २०१४ मध्ये, झोपडी अनधिकृत असल्याच्या कारणावरून रहिवाशांना पाणी नाकारता येणार नाही, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने दिला. जी मागणी एका नगरसेविकेने अर्धशतकापूर्वी हंड्याच्या भाषेत मांडली, ती आता हक्काच्या भाषेत मान्य झाली.

ग्रामपंचायतीचा सदस्य असो वा कार्यालयातील अधिकारी, पाण्याचा अर्ज हाती येताच त्यामागील रिकामा हंडा ज्याला दिसतो, त्यानेच ताईंचे कार्य पुढे नेले असे म्हणता येईल.