नावाची वाट पाहणारा भुंगेरा
(प्राथमिक शिक्षकांच्या सभेपुढील भाषण)



पावसाळा सुरू झाला म्हणजे खेड्यातील शाळेत एक प्रसंग हटकून घडतो. मधल्या सुटीनंतर एखादा मुलगा काड्यापेटीत काहीतरी झाकून आणतो आणि विचारतो, "गुरुजी, याचं नाव काय?" पेटी उघडावी तो आत एक चिमुकला भुंगेरा. नाव ठाऊक असले तर गुरुजी सांगतात; नसले तर "किडा आहे, टाकून दे," एवढ्यावर विषय मिटतो. त्याबरोबर मुलाची जिज्ञासाही थोडी मावळते. वास्तविक, नाव ठाऊक नसणे ही काही लाजिरवाणी गोष्ट नव्हे. मोठमोठे प्राणिशास्त्रज्ञही ह्याच अवस्थेतून कामाला आरंभ करतात. निनावी प्राण्याला नाव कसे मिळते, ह्याची एक खरी हकिगत ह्या दृष्टीने विचारात घेण्याजोगी आहे.

सन १९६४-६५ मध्ये विल्यम ब्लॉक नावाच्या संशोधकाने केनियातील नैरोबी येथे माती व पालापाचोळा ह्यांतील सूक्ष्म प्राण्यांचे नमुने जमविले. त्यांत काही फिकट पिवळे, अतिशय लहान भुंगेरे होते. १९७८ साली हा संग्रह लंडन येथील नॅचरल हिस्टरी म्यूझियमच्या स्वाधीन झाला आणि तेथील असंख्य कीटकांच्या सोबतीने जपून ठेवला गेला. पुढे मायकेल डार्बी ह्या अभ्यासकांनी तो बारकाईने तपासला. हे भुंगेरे पूर्वी कोणीही वर्णिलेले नाहीत असे त्यांच्या ध्यानात आले आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये त्यांचे वर्णन प्रसिद्ध झाले. हाती लागल्यापासून नाव मिळेपर्यंत अर्धशतकाहून अधिक काळ लोटला होता.

ह्या भुंगेऱ्याची लांबी ०.७९ मिलिमीटर. मुलांच्या मोजपट्टीवरील दोन बारीक रेघांमधील अंतरातही तो मावेल. त्याला डोळे नाहीत आणि पंखही नाहीत. मातीच्या अंधारात, ओलसर पाचोळ्याच्या थरांत ज्याचे सारे आयुष्य जावयाचे, त्याला पाहण्याचे व उडण्याचे प्रयोजन ते कोणते? डोक्यावर मात्र दोन लांब शृंगिका आहेत. चाचपडत वाट काढणाऱ्या प्राण्याला त्यांचा मोठा आधार असतो.

ज्या कुळातील हा प्राणी, त्या कुळाला पिसपंखी भुंगेऱ्यांचे कूळ म्हणता येईल. त्यातील ज्यांना पंख असतात, त्यांचे पंख पातळ दांड्यासारखे असून कडेने लांब केसांची झालर असते. म्हणून ते पक्ष्याच्या पिसासारखे दिसतात. हे भुंगेरे कुजका पाला, जुनी लाकडे, शेण अशा ठिकाणी राहतात व मुख्यतः बुरशीवर निर्वाह करतात. त्यांची मादी बहुधा एका वेळी एकच अंडे घालते. शरीर लहान असले तरी अंड्याला ठराविक मर्यादेपलीकडे लहान होता येत नाही; त्यामुळे ते अंडे मातेच्या देहाच्या मानाने फार मोठे असते.

आता मुख्य मुद्दा असा की, नवीन जातीचे वर्णन करणे म्हणजे नेमके काय करणे? त्याच्या पायऱ्या शिक्षकाने समजून घेण्यासारख्या आहेत.

पहिली पायरी तुलनेची. भुंगेऱ्यांच्या सुमारे ४ लाख जाती आजवर वर्णिल्या गेल्या आहेत. हाती आलेला प्राणी त्यांपैकी कोणताच नाही, हे दाखविण्यासाठी जवळच्या जातींचे नमुने व वर्णने धुंडाळावी लागतात. "मला ठाऊक नाही" आणि "कोणालाच ठाऊक नाही" ह्या दोन वाक्यांमध्ये बराच अभ्यास असतो.

दुसरी पायरी वर्णनाची. लांबी, रंग, अवयवांचा आकार, केसांची मांडणी हे सारे सूक्ष्मदर्शकाखाली पाहून मोजक्या शब्दांत लिहावयाचे व आकृत्या काढावयाच्या. "सुंदर", "विचित्र" असले शब्द येथे निरुपयोगी होत. ज्याने तो प्राणी कधी पाहिला नाही, त्याला केवळ वर्णनावरून तो ओळखता आला पाहिजे.

तिसरी पायरी नावाची. स्वीडनचे शास्त्रज्ञ लिनीयस ह्यांच्या १७५८ सालच्या ग्रंथापासून प्राण्यांची द्विपद नावे शास्त्रात धरली जातात. पहिले पद प्रजातीचे, दुसरे जातीचे. ह्या भुंगेऱ्याचे नाव नेलॉप्टोडेस ग्रेटाए असे ठेवण्यात आले. ऑगस्ट २०१८ मध्ये ग्रेटा थुनबर्ग ही १५ वर्षांची विद्यार्थिनी हवामानाच्या प्रश्नासाठी स्वीडनच्या संसदेबाहेर एकटी जाऊन बसली होती. पर्यावरणाविषयी तिने जी जागृती केली, तिचा गौरव म्हणून डार्बी ह्यांनी हे नाव निवडले. लॅटिन व्याकरणाप्रमाणे स्त्रीच्या नावाला येथे "ए" हा षष्ठीचा प्रत्यय लागला. म्हणजे अर्थ झाला "ग्रेटाचा". लांब शृंगिका पाहून तिच्या दोन वेण्यांचीही आठवण अनेकांना झाली.

चौथी पायरी नमुन्याची. ज्या एका नमुन्यावर नाव आधारलेले असते, तो संग्रहालयात कायम जपून ठेवतात. पुढे कोणाला शंका आली तर शब्दांवर भांडत न बसता मूळ नमुना पाहता येतो. ह्या नमुन्यासोबतची चिठ्ठी नमुन्याइतकीच मोलाची असते. कोठे, केव्हा, कोणाला, कशात सापडला, ह्या चार गोष्टी तिच्यावर असतात. ती चिठ्ठी हरवली तर तो भुंगेरा कोणत्या देशाचा हेही सांगता येणार नाही. आपल्या हातून हे नाव दिले जाणार नाही, पण पुढच्या माणसाचे काम अडू नये, एवढ्या जाणिवेने कोणीतरी चार ओळी स्पष्ट लिहून ठेवतो आणि दुसऱ्या पिढीचे काम त्यावर उभे राहते.

हे लेखन एकदा झाले म्हणजे संपले, असेही नाही. निकाराग्वातील मुसावास ह्या स्थळावरून नाव पडलेला स्किडोसेला मुसावासेन्सिस हा भुंगेरा १९९९ मध्ये वर्णिला गेला. तो फारच लहान होता; पण त्याचे नेमके माप तेव्हा ठरले नव्हते. रशियाचे अलेक्सेय पोलिलोव्ह ह्यांना २०१५ मध्ये कोलंबियात त्याच जातीचे ८५ नमुने मिळाले. त्यांतील सर्वांत लहान ०.३२५ मिलिमीटर भरला. असे तीन भुंगेरे ओळीने ठेवले तरी एक मिलिमीटर पुरता भरत नाही! आधीचे मोजमाप पुन्हा तपासण्यात शास्त्राला कमीपणा वाटत नाही, हे ह्या उदाहरणावरून मुलांना चांगले सांगता येईल.

ह्या सर्व गोष्टींचा खेड्यातील शाळेशी संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध निकटचा आहे. पालापाचोळा प्रत्येक गावात आहे. पत्र्याच्या नसराळ्यात जाळीचा तुकडा बसवावा, त्यावर मूठभर ओलसर पाचोळा ठेवावा, खाली बरणी ठेवून तिच्यात ओला कागद घालावा आणि नसराळे काही तास सौम्य उन्हात राहू द्यावे. वरचा थर तापून सुकू लागला की आतील प्राणी खालच्या ओलाव्याकडे सरकतात व बरणीत उतरतात. इटलीचे कीटकशास्त्रज्ञ बर्लेसे ह्यांच्या नावाने हे साधन प्रसिद्ध आहे. भिंगातून पाहून मुलांनी प्रत्येकाचे पाय मोजावेत, आकृती काढावी, चार गोष्टींची चिठ्ठी लिहावी. नंतर ते प्राणी जेथून आणले तेथेच सोडून द्यावेत. त्यांच्यावाचून पाल्याचे खत होण्याचे काम मंदावते, हेही त्याच वेळी सांगावे.

एका तासात येथे भाषा, गणित, चित्रकला आणि सृष्टिज्ञान ही चारही येतात. शिवाय एक संस्कार घडतो, तो असा की, जे दिसले तेवढेच लिहावे आणि जे ठाऊक नाही ते ठाऊक नाही असे म्हणावे.

ह्यात दिरंगाई परवडणारी नाही. रान तुटते, बांध सपाट होतो, पाचोळा जाळला जातो. त्याबरोबर किती जाती नाव मिळण्यापूर्वीच नाहीशा होतात ह्याची मोजदादही होऊ शकत नाही. नैरोबीच्या भुंगेऱ्याचे भाग्य की त्याला कोणीतरी जपून ठेवले. ज्याला नाव नाही, तो नाहीसा झाला तरी कोणाला चुकल्यासारखे वाटत नाही.

मुलाच्या जिज्ञासेचेही तसेच आहे. तीही लहान असते, सहज चिरडली जाते आणि गेल्याचे कोणाला कळत नाही. म्हणून पुढच्या पावसाळ्यात काड्यापेटी पुढे आली आणि "गुरुजी, याचं नाव काय?" हा प्रश्न आला, तर शिक्षकाने निःसंकोचपणे म्हणावे, "मलाही ठाऊक नाही, बाळ. भिंग आण, कागद घे. आपण दोघं मिळून पाहू." त्या दिवशीचा पाठ पुस्तकात नसेल, परंतु तो मुलाच्या जन्मभर स्मरणात राहील.