नाव झाकलं, पत्ता उघडा

तिलवाऱ्याहून बोलतोय.

सैन्यात माझी नोकरी सिग्नल्समध्ये झाली. त्यामुळे इथली तरुण मुलं इंटरनेटच्या शंका घेऊन येतात. त्यातली एक वारंवार येते. ‘काका, टॉरंटवर आपलं नाव थोडंच असतं? तिथं कोण कोणाला ओळखतं?’ आज याच प्रश्नाकडे नीट बघू.

आधी टॉरंट म्हणजे काय ते सांगतो. समजा, चाळीस पानांचा एक दिवाळी अंक दहा घरांना हवा आहे आणि ग्रंथालयात प्रत एकच आहे. रांग लागणार. त्याऐवजी ग्रंथपालानं प्रत्येक घराला वेगवेगळ्या चार पानांची झेरॉक्स दिली आणि सांगितलं, उरलेली पानं एकमेकांकडून घ्या. थोड्याच वेळात दहाही घरांत पूर्ण अंक तयार. जितकी घरं जास्त, तितकं काम लवकर. ब्रॅम कोहेन यांनी २००१ मध्ये बिटटॉरंट तयार केलं, त्याचं मर्म हेच. त्याआधी १९९९ मध्ये नॅपस्टर आलं होतं. तिथं गाणी लोकांच्या संगणकांवर असायची, पण यादी कंपनीच्या ताब्यात. न्यायालयानं कंपनीला धरलं आणि २००१ मध्ये ती सेवा बंद पडली. टॉरंटमध्ये पुढे यादीसुद्धा सगळ्यांत वाटली गेली. बंद करायला मुख्यालयच उरलं नाही.

इथंच लोकांची गल्लत होते. मुख्यालय नाही, म्हणजे आपण कोणाला दिसत नाही, असं त्यांना वाटतं. प्रत्यक्षात उलट आहे. तुम्हाला पान पाठवायचं तर पाठवणाऱ्याला तुमचा पत्ता लागणारच. त्या क्षणी ती फाइल घेणाऱ्या-देणाऱ्यांच्या घोळक्यात जो असेल, त्याला तुमचा आयपी पत्ता दिसतो. चित्रपट कंपनीनं नेमलेला माणूसही त्याच घोळक्यात येऊन बसू शकतो आणि पत्ते टिपू शकतो. त्याला काही फोडावं लागत नाही.

आम्हाला सिग्नल्समध्ये पहिला धडा हाच असतो. शत्रूला तुमचा सांकेतिक संदेश वाचता आला नाही तरी कोण, कुठून, कोणाशी आणि किती वेळा बोलतो एवढं त्याला पुष्कळ असतं. म्हणून तर रेडिओ सायलेन्स पाळतात.

आयपी पत्ता म्हणजे माणूस नव्हे, हेही खरं. मोबाइल नेटवर्कवर एकच पत्ता एका वेळी अनेक ग्राहक वापरतात. घरच्या वायफायवर पाहुणाही असू शकतो. पण माग तिथून सुरू होतो. किकॅस टॉरंट्सचं उदाहरण घ्या. जुलै २०१६ मध्ये त्याचा चालक म्हणून आर्टेम वाउलिन या युक्रेनच्या माणसाला पोलंडमध्ये अटक झाली. अमेरिकी तपास यंत्रणेनं न्यायालयात मांडलेल्या पुराव्यातली एक कडी अगदी साधी होती. ज्या आयपी पत्त्यावरून ॲपलच्या दुकानात खरेदी झाली, त्याच पत्त्यावरून किकॅसचं फेसबुक पान उघडलं गेलं होतं.

आता आपल्याकडचा कायदा. ज्याचं नाव माहीत नाही अशा चोरावर दावा लावायचा तर आपल्याकडे प्रतिवादी म्हणून ‘अशोक कुमार’ असं गृहीत नाव घालतात. इंग्रजांचा ‘जॉन डो’, तसा आपला अशोक कुमार. २०१६ मध्ये ‘ढिशूम’ चित्रपटाच्या निमित्तानं मुंबई उच्च न्यायालयात असाच दावा आला. न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी सरसकट संकेतस्थळं बंद करायला नकार दिला. आधी तपासा, मग ठरावीक दुवे रोखा, अशी त्यांची भूमिका होती. पुढे रोखलेल्या पानांवर इशारा झळकू लागला की, हे नुसतं पाहिलं तरी तीन वर्षं कैद आणि तीन लाख दंड. देशभर घबराट झाली. तेव्हा त्याच न्यायालयानं स्पष्ट केलं की, गुन्हा नुसत्या पाहण्यात नाही. परवानगीशिवाय वाटण्यात, जाहीर दाखवण्यात, विकण्यात किंवा भाड्यानं देण्यात आहे.

मुलं म्हणतात, ‘मग आम्ही तर फक्त घेतो.’ नाही बाळांनो. टॉरंटमध्ये घेणारा त्याच वेळी देत असतो. झेरॉक्सची पानं आठवा. ‘फक्त घेणारा’ तिथं जवळजवळ नसतोच.

‘मग व्हीपीएन लावू.’ व्हीपीएन पत्ता पुसत नाही, तो दुसऱ्याच्या खिशात ठेवतो. एप्रिल २०२२ मध्ये आपल्या सर्ट-इननं व्हीपीएन कंपन्यांनी ग्राहकांची माहिती पाच वर्षं जपावी असा आदेश काढला. काही परदेशी कंपन्यांनी त्यावर भारतातले सर्व्हर काढून नेले. आणि टॉर? ज्या कल्पनेवर ते उभं आहे, ती अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेत १९९० च्या दशकात जन्मली. पण टॉरवरून टॉरंट चालवू नका, असं टॉरचीच मंडळी सांगतात. कारण टॉरंटचं सॉफ्टवेअर तुमचा खरा पत्ता स्वतःच पुढे कळवू शकतं.

याचा अर्थ निनावीपण वाईट, असं मी म्हणत नाही. १९४२ मध्ये उषा मेहता आणि त्यांच्या साथीदारांनी मुंबईत गुप्त काँग्रेस रेडिओ चालवला. पकडले जाऊ नये म्हणून ते वारंवार जागा बदलत. नोव्हेंबरमध्ये पकडले गेले, तेही एका तंत्रज्ञाच्या फितुरीनं. उषाबेनना चार वर्षांची शिक्षा झाली. निनावीपण हे असं शस्त्र आहे. ज्याला खरं बोलल्याबद्दल नोकरी किंवा जीव गमवावा लागेल, त्याच्यासाठी ते आहे. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं खासगीपणा मूलभूत हक्क मानला, तो अशांसाठीही आहे. शुक्रवारचा नवा चित्रपट शनिवारी फुकट पाहण्यासाठी हे शस्त्र उपसलं, तर सरकारला त्यावर निर्बंध आणायला आयतं कारण मिळतं. त्याची किंमत तो खरं बोलणारा मोजतो.

मग टॉरंटचं भविष्य काय? माझ्या मते ते उघड नावात आहे. टॉरंटमध्ये प्रत्येक तुकड्याचा गणिती ठसा असतो. ठसा जुळला की तुकडा वाटेत बदललेला नाही, हे कळतं. पण मूळ फाइलमध्येच व्हायरस असेल तर ठसा काय करणार? तिथं पहिला वाटणारा कोण, हेच महत्त्वाचं. म्हणून लिनक्सच्या कितीतरी आवृत्त्या त्यांच्या अधिकृत संकेतस्थळावरून टॉरंटनं मिळतात. इंटरनेट आर्काइव्हही आपल्या संग्रहाचे टॉरंट देतं. कोणी तोंड लपवत नाही.

आपल्या जबलपूरच्या मराठी घरांतही अजून जुन्या तबकड्या असतील. ध्वनिमुद्रण प्रसिद्ध झालं, त्याच्या पुढल्या वर्षापासून ६० वर्षांनी त्यावरचा हक्क संपतो. ‘मानापमान’चे नाटककार खाडिलकर १९४८ मध्ये गेले, संगीतकार गोविंदराव टेंबे १९५५ मध्ये. त्यांच्या रचनांवरचा ६० वर्षांचा हक्कही संपला. म्हणजे त्या पदांच्या १९३०-४० च्या तबकड्या आज खुशाल वाटता येतात. मात्र तीच पदं आजच्या गायकानं गायली असतील, तर ते मुद्रण नवं आणि हक्कही नवा.

अशा तबकड्या कोणीतरी नीट उतरवून घ्याव्यात. गायक, कंपनी, तबकडीचा क्रमांक लिहावा आणि स्वतःच्या नावानं टॉरंट सुरू करावा. इंदूर, बडोदा, तंजावर, न्यू जर्सी, जिथं जिथं मराठी कान आहेत, तिथल्या घरांनी एकेक प्रत सांभाळावी. एका घरचा संगणक बिघडला तरी गाणं शिल्लक राहील. सर्व्हरचं भाडं नाही, कोणाची परवानगी नाही, लपायचं कारण नाही.

तेव्हा मुलांनो, टॉरंट चालू करण्याआधी एकच गोष्ट स्वतःला विचारा. या फाइलखाली मी माझं नाव लिहीन का? उत्तर ‘हो’ असेल तर बेधडक वाटा. ‘नाही’ असेल तर तुमचा पत्ता तिथं आधीच लिहिला जातोय, एवढं लक्षात असू द्या.

जय हिंद.