धोतराचा कागद



मला भाषणाची सवय नाही. शिक्षण सातवीपर्यंत, तेव्हा कुठे अडखळले तर सांभाळून घ्या. चिटणीसबाई म्हणाल्या, "पुण्याला कागद करायला शिकून आलात, ते सगळ्यांना सांगा," म्हणून उभी राहिले आहे.

शिबिर दोन दिवसांचे होते. येताना जुने सुती कापड आणा, असा निरोप होता. माझ्या ट्रंकेत वडिलांचे एक धोतर होते. त्यांना जाऊन सहा वर्षे झाली. सातवीनंतर पुढे शिकते म्हटले तेव्हा ते म्हणाले होते, "पोरीने कागद काळे करून काय करायचेत?" राग मनात होताच. तरी धोतर काही टाकवत नव्हते. तेच पिशवीत घातले आणि लोणावळ्याहून सकाळची लोकल धरली.

हाताने कागद करणे आपल्याकडे नवे नाही. जुन्नरचा कागद पूर्वी नावाजलेला होता. पुण्यात कसब्यात कागदीपुरा आहे, तो कागद करणाऱ्यांच्याच नावाने. पुढे गिरणीच्या कागदापुढे हा धंदा बसला. मग गांधीजींच्या प्रेरणेने के. बी. जोशी यांनी १९४० साली पुण्यात हातकागद संस्था उभी केली. या कागदासाठी झाड तोडावे लागत नाही, चिंध्या पुरतात. मात्र चिंधी निव्वळ सुती हवी. एका बाईंनी टेरीकॉटचा सदरा आणला होता. तो कुटून कुटून आम्ही थकलो, पण त्याचे धागे जसेच्या तसे!

धोतराला कात्री लावताना हात अडला. शिकवणाऱ्या बाई काही बोलल्या नाहीत, नुसत्या थांबल्या. मग मी नखाएवढे तुकडे केले. ते सोडा घालून उकळले, धुतले आणि उखळात कुटले. कांडण आपल्या हातचे, म्हणून मला वाटले सोपे जाईल. पण दुसऱ्या दिवशी दंड वर होईना. तो लगदा तिथल्या तयार लगद्यात मिसळून हौदात सोडला. ताकासारखे पाणी दिसू लागले.

खरी परीक्षा पुढे. जाळीची चौकट उभी बुडवायची, पाण्यात आडवी करायची आणि सरळ वर उचलायची. वर येताच किंचित हलवायची, म्हणजे तंतू एकमेकांत गुंततात. माझे पहिले चार कागद एकीकडे जाड, दुसरीकडे भोक. बाईंनी ते हौदात परत टाकले नि क्षणात विरघळले. मला आपली इंद्रायणी आठवली. तुकोबांच्या वह्या असल्याच चिंध्यांच्या कागदाच्या असतील का? तेरा दिवस पाण्यात राहून त्या कोरड्या निघाल्या म्हणतात, आणि माझा कागद तर मिनिटभरही टिकेना! बाई हसून म्हणाल्या, "ओला कागद म्हणजे नुसता लगदाच. दाबून, वाळवून, खळ दिली की मग तो कागद."

पाचवा कागद सारखा उतरला. तो कापडावर उलटा करताना मी श्वास धरून ठेवला होता. सगळे मिळून अकरा झाले. ते दाबातून काढून दोरीवर वाळत घातले. फाल्गुनातले ऊन होते म्हणून बरे. आपल्या इकडच्या आषाढात त्यांना बुरशीच आली असती.

घरी आल्यावर एक कागद भावाला दिला. त्याने तो उजेडाकडे धरला, वास घेतला आणि बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "काठाचा लाल धागा दिसतोय बघ."

हे भाषण मी त्यांतल्याच दोन कागदांवर लिहून आणले आहे. खळ कमी पडली, म्हणून शाई जरा पसरली आहे. वाचताना अडखळले ते त्यामुळेही. आता हे कागद तुमच्याकडे फिरवते. फक्त चिवड्याचे हात पुसून घ्या.