उदयोन्मुख खेळाडू, त्याचे घर आणि चाहत्यांची वाणी



मुंबईच्या क्रिकेटचा विषय निघाला की प्रथम दादरच्या शिवाजी पार्कचे नाव ओठांवर येते, आणि ते योग्यच आहे. तथापि वांद्र्याचा वाटाही लहान नाही. पूर्वेकडील साहित्य सहवास वसाहतीत कवी व प्राध्यापक रमेश तेंडुलकर यांचे बिऱ्हाड होते. सचिनचे बालपण तेथेच गेले. त्याच बाजूला एम.आय.जी. क्लबचे मैदान आहे. पश्चिमेकडील रिझवी स्प्रिंगफील्ड शाळेने तर काही वर्षे शालेय क्रिकेटमध्ये धावांचा पाऊसच पाडला. २००९ मध्ये सर्फराज खानच्या ४३९, २०१० मध्ये अरमान जाफरच्या ४९८ आणि नोव्हेंबर २०१३ मध्ये पृथ्वी शॉच्या ५४६ धावा! तिघेही शाळकरी मुलगे. पृथ्वीने तर वयाची चौदा वर्षे नुकतीच पूर्ण केलेली.

पृथ्वीचे घर विरारला. आई लहानपणीच गेलेली. त्यामुळे वडील आपला व्यवसाय बाजूला सारून मुलाचे अवजड सामान खांद्यावर घेत, आणि लोकलच्या गर्दीतून त्याला वांद्र्यापर्यंत आणीत. हॅरिस शील्ड स्पर्धेत बोरिवलीच्या सेंट फ्रान्सिस डी'असिसी शाळेविरुद्धच्या त्या डावात ३३० चेंडू, ८५ चौकार व ५ षटकार होते. मात्र ज्या पहाटेच्या गाड्यांमुळे हा डाव घडला, त्यांची नोंद कोणत्याही धावफलकात सापडत नाही. उदयोन्मुख खेळाडू हा एकटा नसतो, एक संपूर्ण घर त्याच्याबरोबर मैदानात उतरलेले असते. चाहत्यांच्या वाणीचा परिणाम पाहावयाचा, तर तो या घरावर पाहावा लागतो.

चाहत्यांचा लोभ आणि राग हे काही आजचे नवल नव्हे. १९७१ मध्ये वेस्ट इंडीज व इंग्लंड या दोन्ही देशांत मालिका जिंकून आलेल्या अजित वाडेकर यांच्या संघाला मुंबईने डोक्यावर घेतले. अवघ्या तीन वर्षांनी, १९७४ मध्ये, इंग्लंडमध्ये दारुण पराभव झाला तेव्हा त्याच मुंबईत वाडेकरांच्या घरावर दगड आले. परंतु वाडेकर हे देशाचे कर्णधार होते, वयाने तिशी ओलांडलेले होते. आणि दगड मारणाऱ्याला निदान घरापर्यंत चालत जावे लागत असे. आज तेवढीही तसदी पडत नाही. समाजमाध्यमांवरचा दगड हजारो हात एकाच वेळी फेकतात, तो रात्री-अपरात्री येतो, आणि बहुधा नाव-गाव लपवून येतो. अशा मंडळींसाठी मराठीत 'जल्पक' हा शब्द रूढ होऊ पाहत आहे. शब्द सौम्य आहे; कृती तशी नाही.

या संदर्भात २०१६ सालचे एक प्रकरण बारकाईने पाहण्याजोगे आहे.

त्या वर्षी जानेवारीत कल्याणच्या के. सी. गांधी शाळेच्या प्रणव धनावडे याने भंडारी चषक स्पर्धेत नाबाद १००९ धावा केल्या. इंग्लंडमध्ये ए. ई. जे. कॉलिन्स या शाळकरी मुलाने १८९९ मध्ये केलेला नाबाद ६२८ धावांचा विक्रम शतकाहून अधिक काळ अबाधित होता, तो मोडला. प्रणव पंधरा वर्षांचा, वडील रिक्षाचालक. कौतुकाला सीमा राहिली नाही. मुंबई क्रिकेट असोसिएशनने त्याला दरमहा दहा हजार रुपयांची शिष्यवृत्ती जाहीर केली, सचिन तेंडुलकर यांनी स्वाक्षरीची बॅट पाठविली. समोरचा संघ दुबळा होता, सीमारेषा जवळ होती, असे म्हणणारेही निघाले. जणू मैदान त्या मुलानेच आखले होते.

पुढे काही महिन्यांतच पश्चिम विभागाचा सोळा वर्षांखालील संघ जाहीर झाला. त्यात अर्जुन तेंडुलकर याचे नाव होते, प्रणवचे नव्हते. झाले! समाजमाध्यमांवर दोन छायाचित्रे शेजारी-शेजारी लावली गेली. एक रिक्षाचालकाच्या मुलाचे, दुसरे महान खेळाडूच्या मुलाचे. खाली अन्यायाची कहाणी. ती क्षणार्धात देशभर पोहोचली, कारण ती ऐकावयास सर्वांची मने आधीच तयार होती. वशिल्याचा अनुभव कोणाला नाही? त्या अनुभवाचा सारा संताप सोळा वर्षांच्या एका मुलावर ओतला गेला.

वस्तुस्थिती साधी होती. विभागीय संघाची निवड राज्य संघांतून खेळलेल्या मुलांमधून होते, आणि मुंबईचा सोळा वर्षांखालील संघ प्रणवच्या विक्रमापूर्वीच निवडला गेला होता. त्यामुळे विभागीय संघासाठी प्रणवचा विचार होण्याचा प्रश्नच नव्हता. हा खुलासा केला तो प्रणवच्या वडिलांनी. आपल्या मुलाच्या बाजूने उठलेल्या गदारोळाला त्यांनी स्वतः पुढे येऊन आवर घातला. दोन्ही मुलांची मैत्री असल्याचेही सांगितले. आयती चालून आलेली सहानुभूती नाकारण्यास जी सचोटी लागते, ती या गृहस्थाने दाखविली. खुलासा मात्र अफवेइतका दूरवर गेला नाही. असे खुलासे सहसा जात नाहीत.

येथे चाहत्यांचा हेतू दुष्ट नव्हता, हेच या प्रकरणाचे मर्म आहे. एका गरीब मुलाला न्याय मिळवून देत आहोत, अशी बहुतेकांची प्रामाणिक समजूत होती. प्रत्यक्षात इजा दोघांनाही झाली. अर्जुनच्या प्रत्येक निवडीला पुढे हाच आरोप चिकटला. फेब्रुवारी २०२१ मध्ये मुंबई इंडियन्सने त्याला वीस लाखांच्या मूळ किमतीत घेतले, तेव्हा घराणेशाहीची आरोळी पुन्हा उठली. २०२२ मध्ये तो गोव्याकडून खेळू लागला आणि डिसेंबरात रणजी पदार्पणातच राजस्थानविरुद्ध त्याने १२० धावा केल्या. वडिलांनीही १९८८ मध्ये रणजी पदार्पणात शतक केले होते, त्यामुळे या डावाची बातमीही तुलनेनेच सुरू झाली.

प्रणवच्या बाबतीत कौतुकच भारी पडले. हजार धावा करणाऱ्या मुलाने चाळीस केल्या तर त्या कमी वाटतात. जेथे जाईल तेथे तो आकडा त्याच्याआधी जाऊन बसलेला. खेळ मनासारखा होईना, तेव्हा २०१७ मध्ये वडिलांनी असोसिएशनला पत्र लिहून शिष्यवृत्ती थांबविण्याची विनंती केली. मुलगा त्या रकमेस न्याय देऊ शकत नसताना ती घेणे योग्य नव्हे, अशी त्यांची भूमिका होती. रिक्षाच्या उत्पन्नावर चालणाऱ्या घराने दरमहा दहा हजार रुपये परत करावेत, यातच त्या घरावरील दडपणाचे माप सापडते.

मुलींच्या वाट्याला याहून निराळा जाच येतो. जेमिमा रॉड्रिग्ज यांचे कुटुंब मुलांच्या खेळासाठी भांडुपहून वांद्र्यास राहावयास आले. वडील त्यांचे पहिले प्रशिक्षक. ऑक्टोबर २०२४ मध्ये खार जिमखान्याने त्यांचे मानद सदस्यत्व रद्द केले. वडिलांनी क्लबच्या जागेचा वापर धार्मिक सभांसाठी केल्याचा आरोप काही सदस्यांनी केला होता; वडिलांनी धर्मांतराच्या आरोपाचा स्पष्ट इन्कार करून जागा रीतसर घेतल्याचे म्हटले. क्लबातील हा वाद क्लबच्या नियमांनी सुटू शकला असता. परंतु समाजमाध्यमांवर तो खेळाडूच्या धर्माचा आणि घराण्याचा खटला बनला. पुढे वर्षभराने, ३० ऑक्टोबर २०२५ रोजी, नवी मुंबईत विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात त्यांनी ऑस्ट्रेलियाविरुद्ध नाबाद १२७ धावा करून भारताला अंतिम फेरीत नेले. त्या स्पर्धेच्या काळात मन अस्वस्थ असे, जवळजवळ रोज डोळ्यांत पाणी येई, आईशी बोलून आधार वाटे, हे त्यांनी सामन्यानंतर मोकळेपणाने सांगितले. त्या विजयानंतरही त्यांच्या श्रद्धेवरून शेरेबाजी करणारे होतेच.

हा रोग केवळ आपल्याकडचा नाही. अमेरिकेत महाविद्यालयीन फुटबॉलसाठी सतरा-अठरा वर्षांच्या मुलांना निवडले जाते. मुलाने एका महाविद्यालयाला होकार दिला की दुसऱ्याचे चाहते त्याच्यावर शिव्यांचा वर्षाव करतात. इंग्लंडमध्ये जुलै २०२१ च्या युरोपीय अंतिम सामन्यात पेनल्टी हुकलेल्या बुकायो साका याचे वय एकोणीस होते. त्याला वर्णद्वेषी शिवीगाळ सोसावी लागली.

कायद्याचे काय? माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-अ सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द केले. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरच्या दोन तरुणींना फेसबुकवरील मजकुरावरून अटक झाली, त्यातून तो लढा उभा राहिला होता. टीका करण्याचे स्वातंत्र्य त्यामुळे सुरक्षित झाले, आणि ते राहिलेच पाहिजे. झेल सोडला तर सोडला असे म्हणण्यास कोणाची परवानगी नको. धमकी ही मात्र टीका नव्हे. ऑक्टोबर २०२१ मध्ये पाकिस्तानविरुद्धच्या पराभवानंतर महंमद शमी यांच्या धर्मावरून गरळ ओकली गेली, विराट कोहली यांनी त्यांची बाजू घेतली; तेव्हा कोहलींच्या वर्षाही न झालेल्या कन्येविषयी अत्यंत घृणास्पद धमकी समाजमाध्यमावर आली. मुंबई पोलिसांनी हैदराबादच्या एका तरुण अभियंत्यास अटक केली. पुढे तक्रारदाराच्या संमतीने मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये तो गुन्हा रद्द केला. तरी एका उच्चशिक्षित तरुणाची मधली वर्षे गेली ती गेलीच. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ३५१ धमकीसाठी व कलम ७८ स्त्रीचा पाठलाग करण्यासाठी आहे. इंटरनेटवरून ठेवलेली पाळतही त्यात येते.

असा प्रसंग ओढवल्यास पालकांनी उत्तर देण्याच्या भरीस पडू नये आणि मजकूर घाईने पुसूही नये. आधी त्याचे चित्र, वेळ आणि खात्याचे नाव जपून ठेवावे, मग जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा केंद्र शासनाच्या सायबर गुन्हे संकेतस्थळावर तक्रार करावी. मुलाची झोप उडाली, जेवण तुटले, सरावास जाणे तो टाळू लागला, तर टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे; मूल संकटात असल्यास १०९८. सामन्याच्या दिवशी मुलाचा मोबाईल प्रशिक्षकाकडे ठेवणे हा साधा उपायही पुष्कळदा उपयोगी पडतो.

मात्र सारा भार घरावर टाकून संस्थांना मोकळे होता येणार नाही. २०१६ च्या गैरसमजाला जागा मिळाली ती निवडीची पद्धत सामान्य क्रीडाप्रेमीस ठाऊक नव्हती म्हणून. संघ जाहीर करताना कोण पात्र होते, कोणत्या स्पर्धेतील कामगिरी धरली आणि राज्य संघ केव्हा निवडला गेला, एवढ्या चार ओळी यादीखाली छापल्या असत्या, तर एका रिक्षाचालक पित्यावर देशाला निवडीचे नियम समजावून सांगण्याची वेळ आली नसती. शालेय व वयोगट स्पर्धा भरविणाऱ्या प्रत्येक संस्थेने या चार ओळी पुढच्या यादीपासून छापावयास हरकत नाही. त्यास ना निधी लागतो, ना शासनाची मंजुरी.