घोड्यावरून उतरण्याची विद्या



अश्वारोहणाच्या शाळेत नवा विद्यार्थी आला की त्याचे सारे लक्ष वर चढण्याकडे असते. रिकिबीत पाय कसा ठेवावा, मांड कशी घालावी, लगाम कोणत्या बोटांत धरावा, हे तो उत्सुकतेने विचारतो. उतरावे कसे, हा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारीत नाही. चढलेला मनुष्य केव्हातरी उतरणारच, त्यात शिकण्यासारखे ते काय, अशी सर्वसाधारण समजूत असते. मराठीत तर ‘पायउतार होणे’ हा शब्दप्रयोग अधिकारपद सोडण्याच्या अर्थाने रूढ झाला असून त्याला किंचित नामुष्कीची छटाही आली आहे. आजच्या व्याख्यानात या शब्दाचा मूळचा, साधा अर्थच तेवढा अभिप्रेत आहे. वाहनावरून खाली येताना स्वाराने सुखरूप जमिनीवर पाय कसे टेकावेत, एवढाच आजचा विषय आहे.

विषय लहान दिसतो, पण त्यात जिवाचा प्रश्न गुंतलेला आहे. घोड्यावर नीट बसलेला स्वार आपल्या समतोलामुळे सुरक्षित असतो. जमिनीवर उभा असलेला मनुष्य दोन्ही पाय भुईवर असल्यामुळे सुरक्षित असतो. या दोन अवस्थांच्या मध्ये काही क्षण असे येतात की, स्वार धड घोड्यावर नसतो आणि धड जमिनीवरही नसतो. घोडा नेमका त्याच क्षणी पुढे निघाला आणि स्वाराचे एक पाऊल रिकिबीत अडकून राहिले, तर त्याचे डोके जमिनीवर आपटते आणि घोडा त्याला फरफटत नेतो. नुसत्या पडण्याने मनुष्य बहुधा खरचटतो, क्वचित हाड मोडते. अडकून फरफटत जाण्याने मात्र मृत्यूही ओढवतो. म्हणून उतरण्याच्या सर्व नियमांच्या मुळाशी एकच तत्त्व आहे. खाली येत असताना स्वाराला घोड्याशी जोडणारे असे काहीही उरता कामा नये, जे त्याला मनात येताच सोडता येणार नाही. हे तत्त्व एकदा उमगले की पुढचे नियम पाठ करावे लागत नाहीत. ते आपोआप सुचतात.

हे तत्त्व घोड्याच्या स्वभावाशीही निगडित आहे. मध्यम आकाराच्या घोड्याचे वजन सुमारे साडेचारशे ते पाचशे किलोग्रॅम भरते. एवढा बलदंड प्राणी असूनही तो मुळात भित्रा आहे. मोकळ्या गवताळ प्रदेशांत हिंस्र श्वापदांपासून पळून जाऊन त्याच्या पूर्वजांनी आपला बचाव केला. त्यामुळे संशय आला की आधी पळायचे आणि मग विचार करायचा, ही रीत त्याच्या रक्तात भिनली आहे. त्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्यामुळे त्याला जवळजवळ चहूकडचे दिसते. कपाळाच्या अगदी समोरचा थोडा भाग आणि शेपटीच्या थेट मागचा भाग एवढाच त्याच्या दृष्टीआड राहतो. स्वार उतरू लागला की त्याचा उजवा पाय घोड्याच्या पुठ्ठ्यावरून, म्हणजे या दृष्टीआडच्या भागाजवळूनच फिरतो. तो पाय पुठ्ठ्याला लागला किंवा स्वाराचा भार एकाएकी एका बाजूला गेला, तर गरीब घोडाही दचकून दोन पावले पुढे टाकतो. त्यात त्याचा काही दोष नसतो.

आता रिकिबीकडे वळू. हे साधन मानवाला पुष्कळ उशिरा लाभले. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात झेनोफोन या ग्रीक लेखकाने अश्वारोहणावर ग्रंथ लिहिला, तेव्हा ग्रीकांना रिकीब ठाऊक नव्हती. स्वार भाल्याचा आधार घेऊन उडी मारून घोड्यावर बसे. भारतात सांची येथील प्राचीन शिल्पांत पायाचा अंगठा अडकवण्यापुरता एक फास दिसतो. चीनमध्ये चांगशा येथे इसवी सन ३०२ मधील एका थडग्यात मातीच्या स्वारमूर्ती सापडल्या. त्यांतील काहींना रिकीब आहे, पण ती एकाच, डाव्या बाजूला आहे, आणि तीही आखूड. बसल्यावर पाय ठेवण्यासाठी नव्हे, तर केवळ चढण्यापुरती ती पायरी होती, असा विद्वानांनी तिचा अर्थ लावला आहे. पुढे दोन्ही बाजूंना रिकिबी आल्या आणि युद्धकलेत स्वाराचे बळ वाढले. परंतु जी पायरी चढताना आधार देते, तीच उतरताना बेडी होऊ शकते. या एका वस्तूच्या सोयीची किंमत स्वाराने सावधपणाने चुकवायची असते.

प्राचीनांना याची जाणीव होती, याचा एक सुंदर पुरावा रोमन वाङ्मयात आहे. इसवी सनाच्या चौथ्या शतकाच्या अखेरीच्या सुमारास वेजेशियस या लेखकाने सैन्यशिक्षणावर ग्रंथ लिहिला. रोमन सैन्यातील नवे शिपाई लाकडी घोड्यांवर सराव करीत, असे तो सांगतो. हे घोडे हिवाळ्यात छपराखाली आणि उन्हाळ्यात मैदानात मांडलेले असत. शिपाई आधी निःशस्त्र आणि मग शस्त्रांसह सराव करी. उजवीकडून व डावीकडून चढणे जसे त्याला शिकवले जाई, तसेच दोन्ही बाजूंनी खाली उडी टाकणेही शिकवले जाई. उपसलेली तलवार हाती असतानासुद्धा हे साधावे, अशी अपेक्षा होती. चढण्याइतकाच उतरण्याचाही सराव, आणि तोही जिवंत घोड्याजवळ जाण्यापूर्वी, ही त्या शिक्षणपद्धतीतील शहाणपणाची गोष्ट होय. आज व्यायामविद्येत लाकडी घोड्यावर ज्या कसरती केल्या जातात, त्यांचे मूळ अशाच सरावात आहे.

आता प्रत्यक्ष कृती पाहू. उतरण्यासाठी जागा सपाट व शक्यतो मऊ मातीची असावी. कुंपण, भिंत किंवा दुसरा घोडा यांना खेटून उतरू नये. शेजारचा घोडा लाथ मारण्याचा संभव असतो. घोडा पूर्णपणे थांबू द्यावा. ‘थांबल्यासारखा वाटतो’ एवढे पुरेसे नाही, तो चारही पायांवर भार देऊन स्थिर उभा असावा. हातात छडी असल्यास ती आधी डाव्या हातात घ्यावी. लगामाचे दोन्ही पट्टे डाव्या हातात, घोडा पुढे निघाल्यास रोखता येईल इतपत आखूड धरावेत आणि तो हात खोगिराच्या पुढे, आयाळीवर टेकवावा. लगाम मुठीत असावा. हाताला किंवा मनगटाला त्याचा वेढा कधीही देऊ नये.

यानंतरची पायरी सर्वांत महत्त्वाची आहे. स्वाराने आपली दोन्ही पावले रिकिबींतून बाहेर काढावीत. नवशिक्याला हे विचित्र वाटते. डाव्या रिकिबीत पाय ठेवून तो वर चढलेला असतो, तेव्हा तिच्यातच पाय ठेवून उतरावे, असे त्याचे मन सांगते. पण वर सांगितलेले तत्त्व येथे आठवावे. दोन्ही पावले मोकळी असतील, तर घोडा कोणत्याही क्षणी निघाला तरी फार तर स्वार पडेल, अडकणार नाही.

पावले मोकळी झाल्यावर उजवा हात खोगिराच्या पुढच्या उंचवट्यावर ठेवावा आणि अंग पुढे झुकवून भार दोन्ही हातांवर घ्यावा. उजवा पाय मागे नेऊन, पुठ्ठ्याला स्पर्श होणार नाही इतका उंच उचलून पलीकडून डावीकडे आणावा. दोन्ही पाय जवळ येताच अंग खोगिराला धरून खाली घसरू द्यावे. खोगिराची बैठक जमिनीपासून दीड मीटरच्या आसपास असते. म्हणून गुडघे वाकवून, चवड्यांवर उतरावे. ताठ गुडघ्यांनी आणि टाचांवर उतरल्यास कमरेला हिसका बसतो. पाय टेकतील तेव्हा स्वार घोड्याच्या खांद्याजवळ असावा आणि लगाम त्याच्या हातात असावा. मागे, म्हणजे घोड्याच्या पिछाडीकडे पाऊल टाकू नये.

ही रीत सर्वांना सारखीच मानवेल असे नाही. वयाने मोठ्या किंवा गुडघे दुखऱ्या झालेल्या स्वारासाठी एक मधला मार्ग आहे. डावा पाय रिकिबीत ठेवून उजवा पाय पलीकडून आणावा. मग थेट जमिनीकडे न जाता, हातांच्या बळावर पोट खोगिरावर टेकून क्षणभर थांबावे. डावे पाऊल रिकिबीतून सोडवावे आणि मगच सावकाश घसरत खाली यावे. अमेरिकेच्या पश्चिम भागातील गुराखी डाव्या रिकिबीवर भार देऊन सरळ खाली पाऊल टाकतात. त्यांच्या खोगिराला पुढे शिंगासारखा खुंट असतो आणि पोटावर घसरताना कपडे त्यात अडकण्याची भीती असते. तेथील घोड्यांना स्वार उतरेपर्यंत निश्चल उभे राहण्याची सवयही कसून लावलेली असते. नवशिक्याने मात्र घोड्याच्या सद्गुणांवर विसंबून आपली सुरक्षितता ठरवू नये.

काही चुका वारंवार घडतात. पहिली चूक म्हणजे एकच पाय मोकळा करणे आणि दुसऱ्याचा विसर पडणे. दुसरी म्हणजे उजवा पाय घोड्याच्या मानेवरून पुढून आणणे. चित्रपटात ते रुबाबदार दिसते, परंतु त्यासाठी लगाम सैल सोडावा लागतो. त्याच वेळी घोड्याने मान उडवली की स्वार उताणा पडतो. तिसरी चूक पोशाखाची आहे. ओढणी, सैल झब्बा किंवा उघडे जाकीट खोगिराच्या उंचवट्यात गुंतू शकते आणि मग पाऊल मोकळे असूनही स्वार लटकून राहतो. चौथी चूक पादत्राणांची. टाच नसलेला सपाट जोडा रिकिबीतून आरपार सरकतो. म्हणून लहानशी टाच असलेला, गुळगुळीत तळाचा बूट घालावा आणि रिकिबीत केवळ चवडा ठेवावा. रिकीब बुटापेक्षा किंचित रुंद असावी. लहान मुलांसाठी अशा रिकिबी मिळतात की त्यांच्या बाहेरच्या बाजूस लोखंडाऐवजी रबरी कडे असते. ओढ बसताच ते निसटते आणि पाऊल सुटते. पाचवी चूक म्हणजे थकल्यावर घाई करणे. तासाभराच्या रपेटीनंतर मांड्या बधिर होतात, मन पागेकडे लागते आणि घोड्याचेही चाऱ्याकडे लागते. लक्ष ढिले पडण्याची हीच वेळ असते.

डाव्याच बाजूने का उतरावे, असे पुष्कळ जण विचारतात. उजव्या हाताने लढणारा योद्धा तलवार डाव्या कमरेला बांधी. उजवा पाय फिरवला म्हणजे ती आड येत नसे, असे याचे कारण सामान्यतः दिले जाते. तलवार गेली, पण प्रथा राहिली, आणि घोड्यांनाही तिची सवय झाली. तथापि दोन्ही बाजूंनी उतरता आले पाहिजे. माथेरानसारख्या ठिकाणी पर्यटक घोड्यांवरून फिरतात. तशा डोंगरवाटेवर एका अंगाला दरी असेल, तर स्वाराने डोंगराच्या अंगालाच उतरावे, मग ती बाजू डावी असो वा उजवी. मात्र दोन्ही बाजूंची सवय स्वाराबरोबर घोड्यालाही आधी मैदानात लावलेली असावी.

चालत्या घोड्यावरून तातडीने उतरण्याचाही एक प्रकार शाळांतून शिकवला जातो. दोन्ही पावले एकदम मोकळी करायची, अंग पुढे झुकवायचे, दोन्ही पाय मागून एकत्र आणून घोड्यापासून दूर ढकलून द्यायचे आणि तोंड पुढच्या दिशेला ठेवून गुडघे वाकवून उतरायचे, असे त्याचे स्वरूप आहे. हा सराव शिक्षकाच्या देखरेखीखाली, आधी उभ्या घोड्यावर, मग चालीवर आणि त्यानंतरच संथ दुडकीवर करावा. भरधाव उधळलेल्या घोड्यावरून उडी टाकणे हा त्याचा हेतू नव्हे. तेथे बहुधा मांड टिकवून घोड्याला वर्तुळात वळवणेच श्रेयस्कर ठरते. खोगीर फिरणे किंवा तंग तुटणे अशा प्रसंगी मात्र या सरावाचा उपयोग होतो. याचा आणखीही एक लाभ आहे. आपल्याला हवे तेव्हा खाली येता येते, ही खात्री पटली की नवशिक्याची भीती ओसरते. भीती ओसरली की तो लगामाला लोंबकळत नाही, अंग सैल सोडतो आणि त्याची मांड सुधारते. म्हणजे नीट उतरता येणे हीच नीट बसता येण्याची तयारी ठरते.

पाय जमिनीला लागले म्हणजे काम संपले असे नाही. शिरस्त्राण घोडा मोतद्दाराच्या हवाली करेपर्यंत डोक्यावरच असावे. दोन्ही रिकिबी वादीवरून वर सरकवून खोगिराशी बसवाव्यात. लोंबत्या रिकिबी घोड्याच्या बरगड्यांवर आपटतात किंवा दाराच्या कडीत अडकतात. तंग एकदोन भोके सैल करावा. लगाम घोड्याच्या डोक्यावरून पुढे घेऊन, एक हात कडियाळ्याजवळ आणि दुसरा हात पट्ट्याच्या टोकाजवळ ठेवून, घोड्याच्या खांद्याशेजारून त्याला चालवत न्यावे. मानेवर एक थाप द्यावी. त्याने आपला भार वाहिला आहे आणि आपण उतरेपर्यंत तो उभा राहिला आहे, एवढी जाण स्वाराने ठेवलीच पाहिजे.

श्रोत्यांपैकी जे उद्या प्रथमच घोड्यावर बसणार असतील, त्यांनी शिक्षकाला एक विनंती अवश्य करावी. पहिल्या दिवशी घोडा उभा असतानाच पाचसहा वेळा चढावे आणि पाचसहा वेळा उतरावे. शक्य असल्यास चढताना चौथऱ्याचा उपयोग करावा, म्हणजे घोड्याच्या पाठीला ताण पडणार नाही. त्या दिवशी घोडा एक पाऊलही चालला नाही तरी हरकत नाही. घोडामैदान काही दूर पळून जात नाही. दोन्ही पावले मोकळी करण्याची सवय त्या दिवशी अंगी बाणली, तर ती पुढे जन्मभर स्वाराची सोबत करील.