ज्ञानाची सीमा, श्रद्धेचा आधार

(रुग्णालयाच्या वार्षिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



रुग्णालयात दोन प्रश्न सदैव विचारले जातात. ‘आता पुढे काय होईल?’ आणि ‘हे आमच्याच वाट्याला का आले?’ पहिल्या प्रश्नाचे उत्तर वैद्यकशास्त्र काही अंशी देऊ शकते. दुसऱ्या प्रश्नापाशी मात्र ते बहुधा थांबते. आजार कसा झाला हे सांगता येते. तो याच जिवाला आणि याच वेळी का, हे सांगता येत नाही.

ही मर्यादा मान्य करण्यात कमीपणा नाही. आपल्या एका विभागाचे नावच तिची साक्ष देते. १८९५ साली जर्मनीतील व्युर्झबुर्ग येथे विल्हेल्म राँटजेन यांना काही अदृश्य किरणांचा शोध लागला. त्यांचे स्वरूप न उमगल्यामुळे त्यांनी बीजगणितातील अज्ञात राशीचे अक्षर त्यांना दिले. मराठीत तेच ‘क्ष-किरण’ झाले. त्यांच्या स्वरूपाचा निर्णायक उलगडा १९१२ मध्ये स्फटिकांवरील प्रयोगांतून झाला. परंतु मोडलेली हाडे पाहण्यासाठी डॉक्टर १८९६ पासूनच त्यांचा उपयोग करू लागले होते. त्यांचे धोके वेळीच न ओळखल्याने हे किरण हाताळणारे अनेकजण भाजले, काहींना प्राणासही मुकावे लागले. अपुऱ्या ज्ञानाने उपकार केले. त्याला पुरेसे मानण्याने घात केला.

भुलीचेही तसेच. १६ ऑक्टोबर १८४६ रोजी बोस्टन येथे ईथर देऊन जाहीर शस्त्रक्रिया झाली. आज पावणेदोनशेहून अधिक वर्षे लोटली, तरी भुलीच्या औषधांनी माणसाची जाणीव नेमकी कशी मावळते, याचे संपूर्ण उत्तर शास्त्राजवळ नाही. म्हणूनच भूलतज्ज्ञ रुग्णाच्या श्वासाश्वासावर पहारा ठेवतो, आणि रुग्ण त्याच्या भरवशावर डोळे मिटतो.

ईश्वरावरील विश्वास मला असाच वाटतो. जे आपल्याला कळते ते कसोशीने करावे, आणि जे कळत नाही ते त्याच्या चरणी ठेवावे. उपचार टाळून ‘देव पाहून घेईल’ म्हणणे ही श्रद्धा नव्हे. शोकाकुल मातेला ‘हे पूर्वकर्माचे फळ’ असे सांगणे हीदेखील श्रद्धा नव्हे. आपल्याला ठाऊक नसलेले ठाऊक असल्याचा तो आव आहे. अशा वेळी तिच्याजवळ निमूटपणे बसणे अधिक धार्मिक होय.

आणि ज्यांचे दुःख ताजे आहे त्यांनी देवावर रागावू नये, असेही मी म्हणणार नाही. १६३० च्या सुमारास पडलेल्या भीषण दुष्काळात देहूच्या तुकोबांची पत्नी अन्नावाचून गेली, मुलगाही गेला. पुढे त्यांनी विठ्ठलाशी उघड भांडण मांडले, त्याला जाब विचारला. परंतु त्याचे दार सोडले नाही. भांडण्याइतकी जवळीक हीसुद्धा भक्तीच.

देणगीदार बंधुभगिनींनो, आपल्या द्रव्याने कोणत्या घरातला दिवा तेवत राहिला, हे आपणांस बहुधा कधीच कळणार नाही. तरीही आपण देता. फळ न पाहता केलेले हे दान म्हणजेच त्या विश्वासाचे आचरण होय. आमच्या हातांना कौशल्य आणि मनाला नम्रता लाभो, आणि जिथे आमचे प्रयत्न संपतात तिथे त्याची कृपा असो, एवढीच प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.